वीज, धातु आणि एक प्राध्यापक

आपल्यापैकीं बहुतेकांच्या स्वयंपाकघरांत ॲल्युमिनियमचें एखादें पातेलें असेलच. पितळेच्या भांड्याप्रमाणें त्याला कल्हई लागत नाहीं, तें हलकें असतें आणि स्वस्तही असतें, एवढें आपण जाणतों. परंतु हा धातु विजेवांचून मिळत नाहीं, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तांबें, लोखंड, शिसें हे धातु मनुष्यानें हजारों वर्षांपूर्वीं लांकडी कोळशाच्या भट्टींत गाळले. ॲल्युमिनियमला त्याच्या मातींतून सोडविण्याचें सामर्थ्य मात्र त्या भट्टीच्या अंगीं नव्हतें. तें काम विजेनें केलें.

विजेच्या साह्यानें पदार्थांचें विघटन करणें, आणि उलट पदार्थांच्या संयोगांतून वीज मिळविणें, ह्या दोन व्यापारांचें जें शास्त्र त्याला विद्युत्-रसायनशास्त्र म्हणतात. भांड्यावर चांदीचा मुलामा चढविणारा कारागीर पहिला व्यापार करीत असतो, आणि हातांतल्या विजेरींतला घट दुसरा. ह्या शास्त्रापुढें आज एक नवा प्रश्न उभा आहे. हे व्यापार कशा रीतीनें चालविले असतां पुढल्या पिढ्यांच्या वांट्याची हवा आणि खनिजें आपण आजच उधळून टाकणार नाहीं? ऋण काढून सण करूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. कोळसा जाळून धातु गाळणें आणि कोळसा जाळूनच दिवा लावणें हा तसाच ऋणाचा सण आहे, हें आतां जगांतील शास्त्रज्ञांना कळून चुकलें आहे. हा सण ऋणावांचून कसा साजरा करावा, ह्या एका विचाराला ज्यांनीं चार तपांच्या जवळपास वाहून घेतलें, अशा एका प्राध्यापकाच्या कार्याचा परिचय आज आपणांस करून द्यावयाचा आहे.

त्यांचें नांव डोनाल्ड सॅडोवे. त्यांचा जन्म १९५० सालीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं झाला. त्यांचें घराणें मूळचें युक्रेनियन. टोरोंटो विद्यापीठांतच त्यांनीं धातुशास्त्राचें अध्ययन केलें, आणि धातूंचें रसायन हा विषय घेऊन १९७७ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली. त्याच वर्षीं एक शिष्यवृत्ति घेऊन ते अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम्. आय्. टी. ह्या प्रख्यात संस्थेंत दाखल झाले. १९७८ सालीं ते तेथें अध्यापक झाले, आणि सेवानिवृत्तीपर्यंत तेथेंच राहिले.

त्यांच्या विचारांची बैठक समजण्यासाठीं प्रथम ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत डोकावलें पाहिजे. १८८४ सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर शिखर बसविलें, तें ॲल्युमिनियमचें होतें. त्याचें वजन तीन किलोंहूनही थोडें कमी होतें, आणि त्या काळीं ह्या धातूची किंमत चांदीच्या तोडीची होती. पुढें दोनच वर्षांनीं, १८८६ सालीं, अमेरिकेंत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्यें पॉल एरू ह्या दोन तरुणांनीं, एकमेकांस न कळत, एकच युक्ति शोधून काढली. दोघेही तेव्हां तेवीस वर्षांच्या आंतबाहेर होते. क्रायोलाइट नांवाचा क्षार वितळवून त्यांत ॲल्युमिनियमची शुद्ध केलेली माती विरघळवावयाची, आणि त्या तप्त द्रवांतून वीज सोडावयाची, ही ती युक्ति. द्रवाचें उष्णतामान ९६० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास असतें. वीज वाहूं लागली म्हणजे धातु द्रवरूपानें तळाशीं सांचतो. प्राणवायु वर येऊन तेथें सोडलेल्या कार्बनच्या ठोकळ्यांशीं संयोग पावतो, आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. आजही जगांतलें नवें ॲल्युमिनियम ह्याच रीतीनें होतें. एका किलोला सुमारें १३ ते १५ युनिट वीज लागते, आणि तरीही हा धातु आपल्या चुलीपाशीं येऊन बसण्याइतका स्वस्त आहे.

ह्या कुंडाकडे पाहून सॅडोवे यांच्या मनांत दोन प्रश्न उद्भवले, आणि त्यांचें पुढचें जवळजवळ सारें संशोधन ह्या दोन प्रश्नांतून निघालें. पहिला प्रश्न कार्बनच्या ठोकळ्यांचा. विजेनें धातु सुटतो, तर मग वर कार्बन जाळावयाचा कशासाठीं? जळणार नाहीं असा पदार्थ त्या जागीं बसविला, तर केवळ शुद्ध प्राणवायु बाहेर पडेल. दुसरा प्रश्न विजेचा. हें कुंड अहोरात्र प्रचंड वीज गिळतें आणि पचवितें. गिळलेली वीज तें परत देईल, अशी कांहीं रचना करतां येईल काय?

पहिल्या प्रश्नाची गोष्ट लोखंडाची आहे. लोखंडाचें खनिज म्हणजे लोह आणि प्राणवायु यांचा संयोग. झोतभट्टींत आपण त्यावर कोक जाळतों. कोक दोन कामें करतो : भट्टी तापवितो आणि लोहाला चिकटलेला प्राणवायु ओढून घेतो. म्हणून एक टन पोलादामागें दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आकाशांत जातो. जगांत वर्षाला सुमारें १९० कोटि टन पोलाद निघतें. मनुष्याच्या उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकीं ७ ते ९ टक्के एकट्या ह्या धंद्याचा आहे. पूल, आगगाड्या, इमारती, शेतीचीं अवजारें, ह्यांपैकीं कशाचाही त्याग करून चालणार नाहीं. तेव्हां पोलाद करण्याची रीतच बदलली पाहिजे.

ह्या कार्याला सॅडोवे यांस गति मिळाली ती चंद्रामुळें, हें ऐकून आपणांस मौज वाटेल. अमेरिकेच्या नासा ह्या अंतराळसंस्थेला चंद्रावरील मातींतून श्वासोच्छ्वासासाठीं प्राणवायु काढावयाचा होता. त्या मातींत लोहाचे ऑक्साइड असतात. ती माती वितळवून तींतून वीज सोडली तर प्राणवायु सुटेल, हा विचार सॅडोवे यांनीं पडताळून पाहिला. चंद्राच्या मातीशीं साधर्म्य असलेली माती त्यांनीं ॲरिझोनांतील उल्कापाताच्या प्रचंड विवरांतून आणली. प्राणवायु निघालाच, आणि मागें लोखंडही राहिलें! नासाच्या दृष्टीनें लोखंड हा गाळ होता. पृथ्वीवरच्या माणसाच्या दृष्टीनें तोच मुख्य माल. वितळलेल्या ऑक्साइडांच्या विघटनानें लोखंड मिळूं शकतें, असें त्यांच्या मंडळीनें २००६ सालीं दाखवून दिलें.

पण अडचण लहान नव्हती. ह्या कुंडाचें उष्णतामान १६०० अंशांच्या घरांत असतें आणि वरच्या टोंकाशीं शुद्ध प्राणवायु उसळत असतो. अशा ठिकाणीं बहुतेक धातु जळून खाक होतात. प्रयोगांत टिकाव धरला तो इरिडियमनें. परंतु तो इतका दुर्मिळ आणि महाग आहे कीं, त्याच्या जोरावर पोलादाचा कारखाना चालविणें म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. शेवटीं अँटवान आलानोर आणि लान यिन ह्या सहकाऱ्यांच्या साह्यानें त्यांनीं क्रोमियम आणि लोखंड यांचा मिश्रधातु शोधला, आणि २०१३ सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आपल्या घरांतल्या स्टेनलेस स्टीलच्या ताटावर क्रोमियमच्या ऑक्साइडाचा एक अदृश्य पापुद्रा असतो आणि तोच ताटाला गंजूं देत नाहीं. येथेंही त्याच जातीचा पापुद्रा तयार होतो. तो आंतल्या धातूचें रक्षण करतो, आणि स्वतःमधून वीजही जाऊं देतो. कवच आणि वाट अशीं दोन्ही कामें तो एकदम करतो.

ह्या रीतीचा कारखाना उभारण्यासाठीं बोस्टन मेटल नांवाची कंपनी निघाली. २०२५ सालच्या प्रारंभीं तिनें आपल्या मोठ्या प्रायोगिक कुंडांतून टनभर धातु काढून दाखविला. १९० कोटि टनांपुढें हा एक टन म्हणजे समुद्रापुढें ओंजळ, हें खरें. शिवाय दुसरीही एक मेख आहे. ह्या कुंडाला लागणारी वीज जर कोळशाचीच असेल, तर धूर नाहींसा होत नाहीं. तो पोलादाच्या कारखान्यांतून विजेच्या कारखान्यांत जातो, इतकेंच. म्हणून वीज सूर्याची, वाऱ्याची किंवा पाण्याची पाहिजे. आणि येथेंच सॅडोवे यांचा दुसरा प्रश्न पुढें येतो.

सूर्य मावळतो आणि वारा पडतो. आपल्या घरांतले दिवे तर सूर्य मावळल्यावरच लागावयाचे. धान्य कणगींत भरून ठेवतां येतें, पाणी हौदांत सांठवितां येतें. वीज मात्र ज्या क्षणीं निर्माण होते त्याच क्षणीं वापरावी लागते. शहराला रात्रभर पुरेल इतकी वीज सांठवावयाची तर घटमाला अतिशय स्वस्त पाहिजे आणि ती वर्षानुवर्षें टिकली पाहिजे. मोटारींतल्या किंवा घरगुती इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीचें आयुष्य किती असतें, याचा अनुभव आपणां सर्वांना आहे. घन पट्ट्यांवर रसायनांचा खेळ चालला म्हणजे त्या फुगतात, आकसतात, झिजतात आणि शेवटीं निकामी होतात.

सॅडोवे यांनीं येथें एक उलटा क्रम धरला. सामान्य संशोधक प्रथम उत्तम बॅटरी बनवितो आणि मग ती स्वस्त कशी करावी याच्या विवंचनेंत पडतो. सॅडोवे यांनीं किंमत आधीं मांडली. जी वस्तु मातीमोलानें मिळावी असें वाटतें ती मातींतल्याच पदार्थांची करा, आणि ती माती शक्य तर आपल्याच गांवची असूं द्या, असें ते विनोदानें सांगत असत. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा आपल्या घरांतला नियम त्यांनीं प्रयोगशाळेंत आणला. पृथ्वीवर जें विपुल नाहीं तें त्यांनीं विचारांतूनच वगळलें.

ॲल्युमिनियमचें कुंड गिळलेली वीज परत देऊं शकत नाहीं, कारण त्यांतला अर्धा माल वायुरूपानें उडून गेलेला असतो. मग दोन्ही बाजूंना द्रवरूप धातु ठेवले तर? तेल पाण्यावर तरंगतें त्याप्रमाणें हलका धातु वर राहील, जड धातु तळाशीं जाईल, आणि दोहोंच्या मध्यें वितळलेल्या क्षाराचा थर राहील. वर त्यांनीं घेतलें मॅग्नेशियम, आणि खालीं अँटिमनी. बॅटरी वीज देऊं लागली म्हणजे वरचें मॅग्नेशियम आपले विद्युत्कण बाहेरच्या तारेंत सोडतें, स्वतः क्षारांतून खालीं उतरतें आणि अँटिमनींत मिसळून जातें. तारेंतून जाणारे विद्युत्कण वाटेंत आपला दिवा लावतात. पुढें बाहेरून वीज दिली कीं मॅग्नेशियम अँटिमनींतून सुटून पुन्हां वर येऊन बसतें. सर्वच द्रव असल्यामुळें फुगण्याचें, तडकण्याचें भय नाहीं. ही सारी रचना ७०० अंशांवर चालते. मोठ्या घटांत ती उष्णता वाहत्या विजेमुळेंच टिकून राहावी, अशी कल्पना होती. एका घटाचा दाब एका व्होल्टहूनही कमी असतो, हा तिच्यांतला उणेपणा. म्हणून पुष्कळ घट एकापुढें एक जोडावे लागतात.

ही कल्पना प्रत्यक्षांत आणण्याचें पहिलें मोठें काम डेव्हिड ब्रॅडवेल ह्या विद्यार्थ्यानें केलें. सॅडोवे यांचा कटाक्ष असे कीं, ह्या कामावर मुरलेले बॅटरीतज्ज्ञ न घेतां नवशिके विद्यार्थी घ्यावे; कारण अमुक गोष्ट होत नाहीं हें त्यांना कोणी शिकविलेलें नसतें. २०१४ सालीं त्यांच्या मंडळीनें अँटिमनींत शिसें मिसळून पाहिलें. त्यानें मिश्रण लौकर वितळेल ही अपेक्षा होती, आणि त्याबरोबर घटाचा दाब उतरेल ही भीति होती. मॅग्नेशियमच्या जागीं लिथियम घेतलेला हा घट पुष्कळच कमी उष्णतेवर, ४५० ते ५०० अंशांवर, चालूं लागला आणि दाब मात्र उतरला नाहीं. ही गोष्ट त्यांनाही अनपेक्षित होती.

दरम्यान २०१० सालीं ह्या बॅटरीसाठीं एक कंपनी स्थापन झाली. पुढें तिचें नांव ॲम्ब्री असें ठेवण्यांत आलें, एम्. आय्. टी. ज्या गांवीं आहे त्या केंब्रिजच्या नांवांतलींच हीं मधलीं अक्षरें. बिल गेट्स ह्या धनाढ्य गृहस्थांनीं सॅडोवे यांचीं वर्गांतलीं व्याख्यानें इंटरनेटवर ऐकलीं होतीं. त्या ओळखींतून त्यांनीं भांडवल दिलें. २०१२ सालीं ‘टाइम’ साप्ताहिकानें जगांतील शंभर प्रभावी व्यक्तींत सॅडोवे यांची गणना केली, आणि २०२२ सालीं युरोपियन पेटंट कार्यालयानें त्यांस संशोधकाचा पुरस्कार दिला.

परंतु पी हळद आणि हो गोरी असें येथें झालें नाहीं. एवढ्या उष्णतेवर वर्षानुवर्षें हवा आंत शिरूं न देणारें झांकण, ही वरवर क्षुल्लक दिसणारी गोष्ट, अत्यंत कठीण ठरली. २०१५ सालीं त्यापायीं काम लांबणीवर पडलें आणि कंपनीला नोकरांची संख्या कमी करावी लागली. दुसरीकडे, ज्या लिथियमच्या बॅटऱ्या महाग म्हणून सॅडोवे यांनीं बाजूला ठेवल्या होत्या, त्यांची किंमत २०१० नंतरच्या बारा-तेरा वर्षांत सुमारें नऊ-दशांशांनीं उतरली. २०२४ सालच्या मे महिन्यांत ॲम्ब्री कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या किंमतीला सॅडोवे यांनीं आपल्या शोधाचा पहिला निकष मानलें, त्याच निकषावर बाजारानें त्यांच्या बॅटरीला मागें टाकलें.

ह्यावरून त्यांचें गणित चुकलें, असें म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. निसर्गाचे नियम त्यांच्या बाजूनें होते. द्रवधातूंचे घट प्रयोगशाळेंत उत्तम रीतीनें चालले. चुकला तो काळाचा अंदाज. आपली वस्तु स्वस्त होत असतां प्रतिस्पर्ध्याची वस्तु जागच्या जागीं उभी राहील, असें गृहीत धरण्याचा मोह कोणालाही होतो. लाखों बॅटऱ्या काढतां काढतां कारखाने शहाणे होत गेले, आणि नव्या शोधाला ती संधि मिळण्यापूर्वींच स्पर्धा संपली. विद्युत्-रसायनासारख्या शास्त्रांत प्रयोगशाळेपासून बाजारापर्यंतचा रस्ता किती लांब असतो, हें ह्या उदाहरणावरून जितकें स्पष्ट होतें तितकें केवळ यशाच्या कथेवरून झालें नसतें.

स्वतः सॅडोवे तेथें थांबले नाहींत. २०२२ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, त्यांनीं क्वान्क्वान् पांग ह्या चिनी संशोधकाच्या आणि इतर सहकाऱ्यांच्या समवेत आणखी एक बॅटरी जगापुढें मांडली. तिच्यांत ॲल्युमिनियम, गंधक आणि साध्या क्षारांचें मिश्रण एवढेच पदार्थ आहेत. गंधक हें अधातूंत अत्यंत स्वस्त, आणि ॲल्युमिनियम पृथ्वीच्या कवचांत सर्व धातूंहून विपुल. पाणी उकळतें त्याच्या जरासें वर, ११० अंशांवर, हा घट चालतो. विद्युत्घट भरतांना धातूवर सुयांसारखे अंकुर फुटतात आणि ते पलीकडे पोंचले कीं घट बिघडतो, हें एक जुनें दुखणें आहे. क्षारांचें मिश्रण त्यांनीं निवडलें तें लौकर वितळतें म्हणून. परंतु त्यानें हे अंकुरही फुटूं दिले नाहींत. द्रव्यांचा खर्च लिथियमच्या घटाच्या सहाव्या हिश्शाइतका येईल, असा त्यांचा हिशोब आहे. मात्र हे घट लहान होते, हें विसरतां कामा नये. झांकणाचा धडा येथेंही लागू आहे.

मी जन्मभर फळ्यापुढें उभा राहिलेला मनुष्य. तेव्हां सॅडोवे यांच्या अध्यापनाचा उल्लेख केल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. १९९५ पासून २०१० पर्यंत ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घनपदार्थांचें रसायन शिकवीत. तास सुरू होण्यापूर्वीं दिवसाच्या विषयाला साजेसें संगीत लावीत. वर्ग इतका भरे कीं मोठें व्याख्यानगृह अपुरें पडे. तीं व्याख्यानें संस्थेनें सर्व जगाला विनामूल्य खुलीं करून दिलीं आहेत. एवढ्या मोठ्या संशोधकानें सोळा वर्षें पहिल्या वर्षाचा वर्ग सोडला नाहीं, ह्याचा अर्थ उघड आहे. ज्यांनीं अजून कांहीं ठरविलेलें नाहीं अशा मुलांपाशीं प्रश्न सोंपवावे, असें त्यांना वाटत असलें पाहिजे.

आपल्या घरांतला मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीकडे जावयाचें म्हणते, तेव्हां आपण पगाराची आणि नोकरीची चौकशी करतों. ती करूं नये असें कोण म्हणेल? पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारून पाहावा : तुला सोडवावयाचें कोडें कोणतें? सॅडोवे यांनीं दोन कोडीं निवडलीं. धूर न करितां धातु गाळावा, आणि दिवसा मिळालेली वीज रात्रीसाठीं स्वस्तांत राखावी. त्यांपैकीं पहिलें अर्धवट सुटलें आहे. दुसऱ्याचें एक उत्तर बाजारांत हरलें आणि दुसरें अजून तपासलें जात आहे. लिथियमची किंमत उतरली असली तरी सबंध शहराला रात्रभर, किंवा पावसाळ्यांतले सूर्यहीन दिवस ओळीनें, पुरेल अशी स्वस्त सांठवण अद्याप कोणी करून दाखविलेली नाहीं. त्या कामाला आणखी पुष्कळ माणसें लागतील, आणि तीं कोठल्या तरी वर्गांत आज बसलेलीं असतील.